ऑप्शनला टाकलेला देश

सिंगापूरहून परत आल्यावर बार्शीत जो भेटेल तो विचारायचा, "मुळेबाई, काय काय पाहिलंत?" मी सरळ सांगायचे, "मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक." विचारणारा दोन क्षण माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग तब्येतीची चौकशी करायचा. वय झालं की माणसं आपलं बोलणं असं समजुतीनं घेतात.

बाकीचंही पाहिलं हो. बागा पाहिल्या, समुद्रावरचा तो प्रचंड पाळणा पाहिला, काचेच्या इमारती मान दुखेपर्यंत पाहिल्या. छान आहेत. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, फोटोंसकट. मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि तिथे जाऊन माझ्या भूगोलाचं काय झालं, ते मला सांगायचंय.

तोआ पायोह

माझी लेक अनघा तोआ पायोहला राहते. ही सरकारी घरांची जुनी वसाहत. अनघा एका बँकेत हिशेब तपासणीचं काम करते, जावई त्या महिन्यात जकार्ताला होते, आणि नऊ वर्षांची नात ईरा शाळेतून आली की मला इंग्रजीत शहाणपण शिकवायची. दोन हजार तेराचा मार्च होता. बार्शीत त्या वर्षी दुष्काळ. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा. आणि इथे अकराव्या मजल्यावर नळ सोडला की धो धो पाणी. पहिले चार दिवस भांडी विसळताना मी नळ आपोआप बारीक करत होते. अनघा म्हणाली, "आई, सोड ना मोठा." माझ्या हाताला ते जमेचना.

जेवायला ही मंडळी बऱ्याचदा खाली हॉकर सेंटरमध्ये जातात. मोठा मांडव, शंभर टपऱ्या, मधे टेबलं, वर गरगरणारे पंखे. मी शाकाहारी, म्हणून ईराने मला भाज्या घातलेला बी हून आणून दिला. चव साधारण शेवयांच्या उपम्यासारखी, फक्त फोडणी विसरलेली. आता काड्यांनी खायचा तो. मी हाताने खाल्ला आणि बोटं तेलकट करून घेतली. शेजारच्या रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं एक नवंकोरं पाकीट पडलं होतं. मला वाटलं, हॉटेलवाल्याने ठेवलंय. फोडलं, तीन रुमाल घेतले, हात पुसले.

"आजी, नो लाह!" ईरा एकदम कळवळली. मग तिने मला समजावलं, की इथे टेबलावर रुमालाचं पाकीट ठेवणं म्हणजे ती जागा धरून ठेवणं. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर टॉवेल टाकतात तसंच. त्या टॉवेलला कुणी हात पुसला तर काय भांडण होईल ते मला ठाऊक होतं, त्यामुळे मी चांगलीच ओशाळले. तेवढ्यात पाकिटाची मालकीण हातात ट्रे घेऊन आलीच. उंच, काळीसावळी, पन्नाशीच्या अलीकडची, डोक्याला पिवळं फडकं बांधलेलं. मी तेलकट रुमाल हातात धरून उभी.

ती हसायला लागली. ईरा तिला ओळखत होती. ती आमच्याच इमारतीत नवव्या मजल्यावर राहायची आणि मुलांच्या फ्रेंचच्या शिकवण्या घ्यायची. नाव सोलांज. मी माझ्या मास्तरकी इंग्रजीत माफी मागितली आणि गाव कुठलं म्हणून विचारलं.

"बांगी," ती म्हणाली, आणि पुढचा प्रश्न माहीत असल्यासारखी थांबली.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी. उबांगी नदीच्या काठी."

सोलांजने ट्रे खाली ठेवला. म्हणाली, "आठ वर्षं झाली मला इथे. मी देशाचं नाव सांगितलं की लोक म्हणतात, हो हो, मध्य आफ्रिका, पण त्यातला देश कुठला? तुम्ही पहिल्या, ज्यांना मला काही समजावून सांगावं लागलं नाही." तिचे डोळे भरून आले होते. रविवारी जेवायला यायचंच, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

खरं सांगायचं तर मला त्या देशाबद्दल एवढंच येत होतं. आमच्या आफ्रिका खंडाच्या धड्यात त्याला दोन ओळी होत्या: राजधानी बांगी, नदी उबांगी, जंगल, कापूस, हिरे. परीक्षेत त्यावर कधी प्रश्न यायचा नाही. म्हणून दर वर्षी मी वर्गात सांगायचे, "या दोन ओळींवर फुली मारा, हा देश ऑप्शनला टाका." मग साठ पेन्सिली एकदम चालायच्या. आणि आज तो ऑप्शनला टाकलेला देश माझ्यासमोर पिवळं फडकं बांधून उभा राहून माझे आभार मानत होता. मला फार लाज वाटली.

नववा मजला

रविवारी गेले तर नेमका त्या दिवशी माझा उपवास होता. सोलांजने माझ्यासाठी मासे वगळून स्वयंपाक केला होता. एक पांढरा, उकडीसारखा गोळा, त्याला ती 'गोझो' म्हणाली. सोबत हिरवी पालेभाजी, शेंगदाणे वाटून लावलेली, तिचं नाव 'न्गुंझा'. मी विचारलं, गोळा कसला? तर कसावाच्या पिठाचा. म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोच कंद. मी मनात हिशेब केला: साबुदाण्याचं पीठ चालतं, दाण्याचं कूट चालतं, अडतंय ते फक्त पाल्यापाशी. पाला त्याच झाडाचा. उपवासाच्याच झाडाचा पाला उपवासाला चालतो का, हे आमच्याकडे कुणी कधी ठरवलेलं नाही. मी देवाला मनातल्या मनात सांगितलं आणि दोनदा वाढून घेतलं.

जेवताना ती देशाविषयी बोलली. त्यांच्या सांगो भाषेत देशाला 'बेआफ्रिका' म्हणतात. 'बे' म्हणजे काळीज. नवऱ्याच्या जहाजदुरुस्तीच्या नोकरीमुळे ती सिंगापूरला आली, नवरा फ्रान्सला परत गेला, ही राहिली. बांगीत आता फक्त आई, सत्तरीची. घर नदीला लागून. शेजारी हालिमा नावाची विधवा, मुसलमान, शिवणकाम करणारी. दोघी चाळीस वर्षांच्या शेजारणी आणि चाळीस वर्षांच्या भांडकुदळ.

मी म्हटलं, "नदीला लागून घर म्हणजे मजाच की."

सोलांज म्हणाली, "आई नदीकडे पाठ करून बसते. मी दहा वर्षांची असताना ऑक्टोबरात वडिलांची होडी उलटली. तेव्हापासून ती होडीत बसलेली नाही. पलीकडच्या काठावर काँगो देश आहे, झोंगो नावाचं गाव आहे, तिची सख्खी बहीण तिथे राहत होती. बहिणीच्या मातीलासुद्धा गेली नाही."

सेरंगून

पुढच्या रविवारी, चोवीस मार्चला, सेरंगूनला अनघाच्या पुण्याकडच्या मैत्रिणीकडे होळीच्या आधीची म्हणून पुरणपोळी होती. दहा-बारा मराठी घरं जमलेली. कुणी बँकेत, कुणी संगणकात. बोलणं सगळं कॉन्डो फ्लॅटच्या किमती, कायम राहण्याचा पीआर कुणाचा झाला, कुणाचा अडकला. पुरणपोळी मात्र उत्तम होती. जेवण झालं, दुपारचा चहा आला, कोपऱ्यात टीव्ही आवाज बंद करून चालू होता. खालून बातम्यांची पट्टी सरकत होती. त्यात 'बांगी' शब्द दिसला. बंडखोर राजधानीत शिरले, राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले.

मी म्हटलं, "अगं, बांगी पडलं."

यजमानीण म्हणाली, "काय पडलं काकू?" आणि जमिनीकडे बघायला लागली.

तिचा काही दोष नाही. महिन्यापूर्वी मीही ती पट्टी नुसती सरकू दिली असती. मी अनघाला म्हटलं, चल, मला घरी सोड. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ती विचारत होती, "आई, तुझी एका जेवणाची ओळख, तू इतकी का घाबरलीस?" मी येणारी स्टेशनं मोजत राहिले.

सोलांजचं दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून फोन लावत होती. आईचा लागत नव्हता, हालिमाचा लागत नव्हता, शहरातली वीज गेल्याचं कुणीतरी कळवलं होतं. लोक होड्यांनी पलीकडे झोंगोला पळतायत, एवढी एकच बातमी तिला मिळाली होती. मी शेजारी बसले. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "थांबली तर मारतील, आणि होडीत बसली तर बुडेल. नदी काय आहे ते मला माहीत आहे."

अशा वेळी काय बोलावं हे मला कधी सुचत नाही. मी बाई आहे शाळेतली. मी टेबलावरचा कागद ओढला आणि नकाशा काढला, हात न उचलता, फळ्यावर काढायचे तसा. वर चाड, खाली काँगो, मधे हा देश. विषुववृत्ताच्या थोडा उत्तरेला. म्हणजे पाऊस साधारण आपल्यासारखाच, उन्हाळ्यानंतर. म्हणजे मार्चमध्ये नदी…

"सोलांज," मी म्हटलं, "तुझे वडील ऑक्टोबरात गेले. हा मार्च आहे. मार्चला उबांगीत पाणी किती असतं?"

लहानपणापासून पाहिलेली नदी, पण भीतीपोटी तिच्या डोळ्यांसमोर इतका वेळ ऑक्टोबरचाच पूर होता. मग हळूहळू म्हणाली, "कमी. खूप कमी. मधे वाळूची बेटं वर येतात. आम्ही बेटावर कपडे वाळत घालायचो." आणि मग रडली, मोकळी होऊन. आमच्याकडे मार्चात पाणी आटलं म्हणून माणसं रडत होती, आणि इथे पाणी आटलंय म्हणून या बाईला श्वास घेता आला.

क्वीन्सटाउन

घरी आल्यावर मलाच शंका आली. मी तिला जे सांगितलं ते मला माहीत थोडंच होतं? अक्षांशावरून काढलेला अंदाज होता तो. चुकला असला तर?

अनघाचं ऑफिस अलेक्झांड्रा भागात. सोमवारी तिने मला जवळच क्वीन्सटाउनच्या वाचनालयात सोडलं. तिथल्या मुलीने मला जाड जाड पुस्तकं आणि मोठा अॅटलास काढून दिला, थंडी वाजेल म्हणून एसीपासून लांबची खुर्ची दिली. पहिल्यांदा नदी शोधली. सापडली: मार्च-एप्रिलला सगळ्यांत कमी पाणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर. मी पुस्तकावर डोकं टेकवून दोन मिनिटं तशीच बसले.

मग उठवेना. तीन दिवस जात राहिले आणि चौतीस वर्षांचा राहिलेला अभ्यास केला. फ्रेंचांच्या काळात या मुलखाला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं, दोन नद्यांची नावं जोडून 'उबांगी-शारी' म्हणायचे. उबांगीचं पाणी काँगो नदीतून समुद्राला जातं. शारीचं उत्तरेला चाड सरोवरात जातं आणि तिथेच संपतं. म्हणजे हा देश एक पाणलोटाचा कणा आहे. आमची बार्शी बालाघाटाच्या पायथ्याशी. आमचं पाणी सीनेतून भीमेला, घाटापलीकडचं मांजरेतून गोदावरीला. हे मी मुलांना घाटावर नेऊन दाखवायचे. आणि त्याच मुलांकडून या देशावर फुली मारून घ्यायचे.

पुढचं वाचवत नव्हतं. अख्खा मुलूख कंपन्यांना तोडून दिलेला. रबर आणा म्हणून पुरुषांना रानात पाठवायचे आणि येईपर्यंत त्यांच्या बायका ओलीस ठेवायच्या. स्वातंत्र्य तोंडावर आलं आणि त्यांचा मोठा नेता विमान अपघातात गेला. पुढे एका लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली आणि स्वतःला सम्राट म्हणवून राज्याभिषेक करून घेतला, गरीब देशाचा खजिना त्यात रिकामा केला. तो गेला, दुसरा आला, तिसरा आला. समुद्र नाही, बंदराला जायचं तर दुसऱ्याच्या देशातून. सोलांजला मी म्हटलं, "या सिंगापुराकडे बघ, ना खाण ना नदी, पिण्याचं पाणीदेखील शेजाऱ्याकडून घेतात. आणि तुमच्याकडे हिरे."

ती म्हणाली, "हिरे आहेत हेच आमचं दुखणं, मादाम."

त्या दिवसांत मी रोज नवव्या मजल्यावर जायचे. सोलांज शिकवण्या चालू ठेवून होती. मुलं फ्रेंच क्रियापदं म्हणायची आणि ती मांडीवर फोन ठेवून ऐकायची. मुलं गेली की आम्ही बसायचो. मी तिला माझ्या आईची गोष्ट सांगितली. आईचं माहेर भूम तालुक्यात, निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या गडबडीत हद्द ओलांडून बैलगाडीने बार्शीला आली. निघताना आजीने चुलीवरचं दूध खाली उतरवून झाकून ठेवलं, संध्याकाळपर्यंत परतायचंच आहे म्हणून. परतली ती दीड वर्षाने. "आई ते दूध शेवटपर्यंत विसरली नाही," मी म्हटलं. सोलांज म्हणाली, "माझ्या आईनेही काहीतरी झाकून ठेवलं असेल." आम्ही दोघी धरूनच चाललो होतो, की आई नदीपार गेली. वाळूच्या बेटांवरून, थोड्याशा पाण्यातून. झोंगोला कुणाकडे असेल, काय खात असेल, इथपर्यंत आमचं ठरलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी तिथेच होते. पलीकडून चढ्या आवाजात कुणीतरी बोलत होतं. सोलांज "मामा, मामा" करत आधी रडली, मग तिचा चेहरा इतका विचित्र झाला की मी उठून उभी राहिले.

"कुठे आहेत? झोंगोला?"

"बांगीतच," सोलांज म्हणाली. "गेलीच नाही. हालिमाच्या घरात, शिवणयंत्राच्या मागे नऊ दिवस. म्हणते, नदी काय, मी हालिमाच्या ओट्यावरूनही उतरले नाही. बंडखोर बहुतेक मुसलमान, ते आले तेव्हा हालिमाने दारात उभं राहून सांगितलं, आत माझी बहीण आहे, आजारी आहे."

मी खुर्चीत बसले. माझा नकाशा बरोबर, पाण्याची पातळी बरोबर, आणि उत्तर साफ चूक. नऊ दिवस मी या पोरीच्या डोक्यात एक होडी चालवली, जी काठावरून सुटलीच नव्हती. मी म्हटलं, "सोलांज, मला माफ कर. आणि अजून एक सांगायचंय." मग ती ऑप्शनची आणि पेन्सिलीच्या फुलीची गोष्ट सांगून टाकली, सगळी.

फोन अजून चालू होता, आई तिकडून काहीतरी विचारत होती. सोलांजने तिला सांगो भाषेत बरंच काही सांगितलं. तिकडून म्हातारीचं खणखणीत हसणं आलं.

"आई म्हणते, हरकत नाही, तिनेही हिंदुस्थान कधी शिकलेला नाही."

मग माझा हात धरून म्हणाली, "ती होडी नसती तर मी या नऊ दिवसांत वेडी झाले असते."

बार्शी

गुढीपाडव्याआधी मी परत आले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून माझं जुनं पाठ्यपुस्तक काढलं. त्या दोन ओळींवर माझ्याही पुस्तकात फुली होतीच, पेन्सिलची. खोडरबर घेऊन बसले. पानाचा कागद पिवळा झालेला, फुली गेली पण वळ राहिला.

डिसेंबरात टीव्हीवर पुन्हा बांगी दिसलं. या वेळी वारं उलटं फिरलं होतं. आता मुसलमानांच्या वस्त्यांवर हल्ले होत होते, माणसं मिळेल त्या वाटेने पळत होती. माझ्या डोळ्यांसमोर ती शिवणारी बाई येत होती, जिला मी कधी पाहिलेलंच नाही. चार दिवसांनी सोलांजचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मादाम, डिसेंबरला उबांगीत पाणी किती असतं?"

हे आता मला झोपेतही आलं असतं. "पूर उतरणीला लागलेला असतो," मी म्हटलं, "पण मार्चसारखं नाही, बरंच असतं. आणि सोलांज, मला नदी माहीत आहे, तुझी आई माहीत नाही. या वेळी मी काही धरून चालणार नाही."

"ती पलीकडे पोचली आहे," सोलांज म्हणाली. "आत्ताच बोलले. म्हणते, होडीत गुडघ्याएवढं पाणी शिरलं होतं आणि ती सगळा वेळ डोळे मिटून ओरडत होती. खरं सांगते की वाढवून, ते बघायला मी तुम्हाला विचारलं."

मी म्हटलं, "अगं, पण सख्ख्या बहिणीच्या मातीला गेली नाही ती बाई. होडीत बसली कशी?"

"हालिमा एकटी जायला घाबरत होती," ती म्हणाली.